नदीत रिकामा होणारा डबा

मी जेवणाचा डबा बोलतोय. स्टीलचा, तीन कप्प्यांचा. अनिताच्या लग्नात तिच्या रोह्याच्या भावाने दिला. त्याचं नाव, प्रविण, माझ्या झाकणावर कोरलंय. आता राहतो कासूला, तिच्या सासरी.

तिचा नवरा साईराज नागोठण्याला कंपनीत शिफ्ट करतो. मी त्याच्या गाडीला लटकून जातो. आधी मी चाटूनपुसून परत यायचो. मग अर्धा भरलेला यायला लागलो. अनिता झाकण उघडायची आणि म्हणायची, "माझ्या हातचं नको झालंय तुम्हाला." तो मान फिरवायचा. मग भांडण पेटायचं, आणि ते काही केल्या संपायचं नाही.

एकदा कामावर जाताना त्याने अंबा नदीच्या पुलावर गाडी थांबवली, मला उघडलं आणि वालाचं बिरडं खाली ओतलं. मला खरंच वाटेना. भिजवून, मोड आणून, अनिताने एकेक दाणा सोलला होता. कंपनीत मला घासून लख्ख केलं. त्या दिवशी घरात भांडण झालं नाही. झालं, तो रोज तेच करायला लागला.

डबा रिकामा आणि माणूस वाळतोय. अनिताची झोप उडाली. म्हाताऱ्यांना मात्र लगेच सगळं कळलं. सासू हौसा म्हणाली, "भायेर कोन तरी हाय त्याची." सासरा विठू म्हणाला, "बायकोतच दम नाय. आमच्या टायमाला असली थेरं नव्हती." होती की, म्हातारबा. तुम्ही ती दारूत बुडवलीत.

अनिताला माहेरी धाडायचं ठरलं. प्रविणला बोलावलं, बैठक बसली. साईराज शिफ्टवरून आला. हौसाने मला घासायला उचललं, तर मी जड. झाकण काढलं. भात, बिरडं, सगळं जसंच्या तसं, आंबलेलं.

"ह्ये काय रं?"

"आज टाकायचं राह्यलं," साईराज म्हणाला.

"रोज टाकता?" अनिताने विचारलं.

"चव लागत नाय गो. तुज्या हाताचं काय नाय त्यात. पान्याची पन लागत नाय." तो जमिनीकडे बघत होता. "पुलावर वाटतं, जेवनाच्या मागनं आपन पन जावं."

मी हौसाच्या हातातून पडलो. माझा एक कान वाकला.

विठू म्हणाला, "नाटकं नुसती."

"बाबा, तुम्ही आता एक अक्षर बोलू नका," अनिता म्हणाली. घरात तिचा आवाज असा कुणी ऐकला नव्हता.

ती रोह्याला गेली नाही. साईराजला घेऊन पेणला डॉक्टरकडे गेली. डॉक्टरने विचारलं, "कुणाला दाखवायचंय?" अनिताने त्याच्याकडे बोट केलं.

"आधी हिला बघा," साईराज म्हणाला. "ही झोपत नाय."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. त्याचं लक्ष होतं तर.

तो अजून पुरता बरा झालेला नाही. गोळ्या चालू आहेत. तो चार घास खातो, उरलेलं तसंच घरी आणतो. अनिताला कधी राग येतो, पण आता ती आधी त्याला कसं वाटतंय ते विचारते. पुलावर गाडी थांबत नाही. दोन्ही म्हातारे अजून फुगलेले.

तुमच्याही घरात कुणी असं वाळत असेल तर बैठका भरवू नका. शेजारी बसा, काय होतंय ते विचारा. आणि तो बोलेपर्यंत तोंड बंद ठेवा.