सिदी मिझूनींचा निळा मासा

कैरवानच्या पूर-अंदाज कचेरीत त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. लेखनिक, ड्रायव्हर, समोरचा मिठाईवाला, सगळे संगणकाच्या खोलीबाहेर माना उंचावून उभे. दार उघडलं, लोबानाच्या धुरातून सिदी मिझूनी घाम पुसत बाहेर आले. बाजारात ते संगणक दुरुस्त करत आणि जिन्नही उतरवत. "गेला!"

"कोण गेला, सिदी?"

"जिन्न. अंगानं बारीक, पण भारी चिवट. तारेत दडला होता."

साहेब, सी नौफेल, आत धावले. नव्या संगणकावर तीन दिवस चार हजार चुका दाखवणारा पुराचा प्रोग्राम एका दमात चालला होता! पडद्याच्या कडेला सिदींनी टांगलेला, नजर उतरवणारा निळा कापडी मासा डुलत होता.

"नजर कुणाची, तेही कळलं," सिदींनी आवाज खाली आणला, तरी तो जिन्यापर्यंत पोहोचला. "ज्या हातांनी प्रोग्राम जुन्या यंत्रावरून आणला, त्यांची."

सगळे वसीलाकडे वळले. कचेरीतले प्रोग्राम तीच सांभाळायची. दुपारी तिच्या बदलीचा कागद सहीला गेला.

वसीला रडत बसली नाही. तिच्याकडे सिदी येण्याआधीची प्रत होती. तिने दोन्ही ताडून पाहिल्या. मजकुरात एका अक्षराचा फरक नाही. मग जिन्नाने बदललं काय? तिने फाईलींची यादी उघडली आणि कपाळावर हात मारला. तीन दिवस ती ओळी वाचत होती, नावं वाचलीच नव्हती! प्रत्येक नावाच्या शेवटी आधी नुसतं 'एफ' होतं, आता 'एफ नव्वद'.

ती साहेबांना संगणकापाशी घेऊन आली. मागोमाग मिठाई चघळत सिदी आणि सगळी कचेरी.

"सिदी, मासा राहू दे. लोबानही घाला हवा तेवढा."

तिने जुनी नावं दिली. चार हजार चुका. मासा डुलतच होता. मग तिने मासा काढून टेबलावर ठेवला आणि नवी नावं दिली. एकही चूक नाही.

"जिन्न फारच आज्ञाधारक निघाला," ड्रायव्हर म्हणाला.

"आपण लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवतो तो कंपायलर," वसीला म्हणाली. "तो नावाचं शेपूट पाहतो. नुसतं 'एफ' दिसलं की त्याला वाटतं, मजकूर भोकं पाडलेल्या कार्डांच्या काळातला. मग तो बहात्तराव्या अक्षराशी ओळ छाटतो. आपला मजकूर नव्या पद्धतीचा. जुन्या यंत्रावर तशी सूचना देऊन ठेवली होती, ती आणायची मी विसरले. ही माझी चूक. नजर नव्हे. आणि सिदी, धुराआड नावं तुम्हीच बदललीत. बाजारात दहा वर्षं संगणक दुरुस्त करताय, तुम्हाला हे ठाऊक नव्हतं?"

"मुली, श्रद्धा नसेल तर..."

"श्रद्धेवाचून आत्ताच चालला की!"

सी नौफेल पुटपुटले, "तरी मासा असू द्यायला काय हरकत?"

"हरकत आहे, साहेब. उद्या अंदाज चुकला तर आपण मासा झटकत बसू आणि ओढ्याकाठची माणसं वाहून जातील. काही बिघडलं की काय बदललं ते आधी शोधा. कुणाची नजर लागली, हे नंतरही विचारू नका."

सी नौफेलनी बदलीचा कागद फाडला. ड्रायव्हरने मासा गाडीत लावायला मागितला.

"ने," वसीला म्हणाली. "पण ब्रेक तपासून घे."