देव परत येईपर्यंत

जरा उजवीकडं सरकून बसा. डाव्या कडेला मी हलतो आणि नवखा माणूस दचकतो. हां, असं. मी बाक. अणदुरात मुलींच्या बास्केटबॉलच्या मैदानाकडेला असतो. दुपारी मला डुलकी लागते, त्यामुळं सांगण्यात थोडं घडलेलं आणि थोडं स्वप्नातलं येईल, तेवढं सांभाळून घ्या.

आधी मी हायवेच्या कडेला आंब्याचं झाड होतो. रस्ता रुंद झाला तेव्हा आडवा झालो. सिदू सुतारानं माझा बाक केला आणि एक पाय बोटभर आखूड ठेवला. कुणी विचारलं तर म्हणायचा, "बाक सरळच हाय, जमीन वाकडी हाय." तेव्हापासून त्या पायाखाली शहाबादी फरशीचा तुकडा आहे. अजून डोळा लागला की मला पानं फुटतात, आणि चेंडूची धपधप ऐकून वाटतं, आपलेच आंबे खाली पडतायत. कुणी उठवलं नाही तर मी असा संध्याकाळपर्यंत पडून राहतो.

माझ्या मधोमध खडूची रेघ आहे. ती संघप्रिया मॅडमनी ओढली. त्या खेळाच्या शिक्षिका, संघ त्यांनीच उभा केला. रेघेच्या उजवीकडं खेळाडू आणि डावीकडं जाणकार. जाणकार म्हणजे रोज चार वाजता येऊन बसणारी तीन माणसं. ज्ञानोबा एस.टी.चे रिटायर ड्रायव्हर. मल्लेशचं सलून समोरच, गिऱ्हाइकाचा एक गाल साबणाचा तसाच ठेवून तो इकडं पळत येतो. आणि कडूबाई, जिचं रान भिंतीपलीकडं आहे. तिघांपैकी एकानंही जन्मात चेंडू हातात धरला नाही, पण बोलणं ऐकाल तर वाटेल, हा खेळ यांनीच काढला.

संघात सात पोरी. सगळ्यांत उंच निकिता, सोळा वर्षांची. ती उडी मारायची तेव्हा तिघंही बोलायचं थांबायची, आणि ते थांबणं म्हणजे साधी गोष्ट नव्हे. दिवाळीनंतर धाराशिवच्या सामन्यात ती दुसरीच्या पायावर उतरली आणि गुडघा सुजला. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, आतला बंध ताणलाय, तुटलेला नाही. दोन महिने उडी बंद. तुटला तर ऑपरेशन, आणि मग हा खेळ विसरायचा.

तिच्याशिवाय संघ लागोपाठ तीन सामने हरला. झालं, डावी बाजू पेटली.

"गाडी गरम झाली की बाजूला घ्यावी लागती," ज्ञानोबा म्हणायचे. "दामटली की इंजन बसतंय."

"पर आबा, तुमची गाडी बाजूला आन् सामने सगळे हातचे गेले," मल्लेश म्हणायचा. "ती हर्षाली बघा. डावा हात नुसता शोभंला हाय. तिला काढा न् दुसरी घाला."

"दुसरी कुठनं आणू? तुझ्या सलूनातनं?"

हर्षाली रेघेपलीकडं हातभर अंतरावर बसलेली असायची. ती सगळं ऐकायची आणि बुटाची लेस पुन्हा पुन्हा बांधायची. माणसं आपल्याच पोरींबद्दल त्यांच्यादेखत असं कसं बोलतात, हे मला इतक्या वर्षांत कळलं नाही. मला राग यायचा, पण बाकाच्या रागाला कोण विचारतो?

निकिताला कुणी विचारलं की ती म्हणायची, "काय न्हाय आबा, बरंय की." ते खोटं होतं, आणि ते फक्त मला ठाऊक होतं. भर दुपारी मैदानात चिटपाखरू नसताना ती यायची आणि रिंगखाली उडी मारून बघायची. मी अर्धवट झोपेत ऐकायचो. एक पाय आधी टेकायचा, दुसरा मागून. धप, आणि मग धप. एके दिवशी दुसरा धप आलाच नाही. ती लंगडत माझ्यापाशी आली, आडवी झाली आणि माझ्या फळीला तोंड लावून रडली. खारं पाणी पार आतपर्यंत मुरलं. मला त्या दिवशी पुन्हा झाड व्हावंसं वाटलं, निदान सावली तरी देता आली असती.

भिंतीपलीकडून कडूबाईनं हे पाहिलं. चार वाजता ती रोजच्या जागी न बसता समोर उभी राहिली.

"आपला देव परवा नळदुर्गाला निघाला," ती म्हणाली. "मूर्ती एकच, देवळं दोन गावांत. पावणेदोन म्हैने तिथं ऱ्हाणार. दोन गावची मानसं करार करत्यात, तवाच देव हलतो. मधी कुनी म्हनत न्हाय, आज आमाला गरज हाय, देव माघारी द्या. देवाला करार लागतो, मग ह्या पोरीला का नगं?"

ज्ञानोबांनी सगळ्यांत आधी होकाराची मान हलवली. मल्लेश हसला. मॅडम हसल्या नाहीत, त्यांनी वहीचं पान फाडलं. करार माझ्यावर ठेवूनच लिहिला गेला. देव नळदुर्गाला निघाल्यापासून परत येईपर्यंत निकिताची जागा बाकावर. सामन्याला ती संघाच्या कपड्यांत बसेल, पण उठणार नाही. तिला उठायला कुणी सांगायचं नाही, डाव्या बाजूनं तर नाहीच नाही. खाली मॅडमची सही, निकिताची सही, ज्ञानोबांची आणि मल्लेशची सही, कडूबाईचा अंगठा. म्हणजे निकिताचं नळदुर्ग मी झालो. काय सांगू, माझी फळी फुगली.

ते दिवस मला आता स्वप्नासारखे आठवतात. कोवळं ऊन, हरभऱ्याचे डहाळे, माझ्याखाली टरफलांचा ढीग. निकिता माझ्यावर बसून पाय सरळ करायचे व्यायाम करायची आणि हर्षालीला शिकवायची. "उजवा हात खिशात घाल. आता डाव्यानं मार." हर्षालीचा चेंडू शंभरदा निसटला आणि गडगडत माझ्या पायाशी आला. मग नव्वद वेळा, मग कधीमधी. मल्लेशनं गप्प राहून बघायला सुरुवात केली तेव्हा मी ओळखलं, पोरगी सुधारली.

देव यायला तीन दिवस उरले आणि तुळजापूरच्या मुलींशी सामना आला, आमच्याच मैदानावर. जिंकला तर पुढं विभागाला जायचं. एक पोरगी तापानं घरी होती, म्हणजे खेळायला पाचच. शेवटची दोन मिनिटं उरली, आपण एका गुणानं मागं, आणि आमच्या एकीचे पाच फाऊल झाले. ती बाहेर गेली. मैदानात चौघी उरल्या, बाकावर निकिता.

आधी मागून कुणीतरी ओरडलं, "निकिता!" मग सगळं गावच ओरडायला लागलं. मल्लेश उभा राहिला. "तीनच दिवस ऱ्हायलेत, तीन दिवसानं काय हुतंय?" आणि ज्ञानोबा, गाडी बाजूला घ्या म्हणणारे ज्ञानोबा, तेसुद्धा म्हणाले, "पोरी, दोनच मिनटं." त्यांनी स्वतः सही केली होती हो. मला फार वाईट वाटलं.

मॅडमनी निकिताकडं पाहिलं आणि नाही अशी मान हलवली. पण निकिता उठली. तिनं माझ्यावर पाय ठेवून लेस आवळली. तिला थांबवा म्हणून मी कुणाला सांगणार?

कडूबाई जागेवरून हलली नाही. डहाळा सोलत म्हणाली, "देव असा मधीच उठून आला, तर नळदुर्गकर काय म्हंतील गं?"

निकिता थबकली. मग तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. ती खाली बसली. इतकी जोरात बसली की फरशीचा तुकडा सरकला आणि डाव्या कडेचे ज्ञानोबा पडता पडता वाचले.

शेवटच्या क्षणी हर्षालीनं डाव्या हातानं चेंडू टाकला. तो रिंगवर फिरला, फिरला, आणि बाहेर पडला. आपण एका गुणानं हरलो. माणसं घरी निघाली. फक्त मल्लेश हर्षालीपाशी थांबला आणि म्हणाला, "डावा हात झ्याक झालाय. मी चुकीचं बोललो हुतो." ज्ञानोबा निकितासमोर नुसतेच उभे राहिले. "आबा, बसा की," ती म्हणाली, तेव्हा ते बसले.

तीन दिवसांनी देव आला. वाजंत्री वेशीपासून ऐकू येत होती. निकिता कपाळाला भंडारा लावून आली, रोजच्या जागी बसली आणि चिमूटभर माझ्या हलत्या कडेलाही लावला. डॉक्टरांनी आदल्याच दिवशी तपासून होकार दिला होता. मॅडमनी कराराचं पान तिच्या हातात दिलं. तिनं ते घडी करून बुटात घातलं आणि ती उठली. एवढी हलकी जागा मला सोसवेना. दोन महिने तिचं वजन माझ्यावर होतं, सवय होते माणसाची.

आता मी म्हातारा झालोय, फळीला चीर गेलीय, पावसाळ्यानंतर नवा लोखंडी बाक येणार म्हणतात. येऊ दे. माझी एवढीच विनवणी आहे, त्या नव्यावरही खडूची रेघ ओढा, आणि जो दुखरा असेल त्याला त्याचे दिवस पुरे बसू द्या.

त्या दिवशी निकिता रिंगखाली गेली तेव्हा डावी बाजू गप्प होती. मी पाहिलं नाही, माझा धीर झाला नाही. मी फक्त कान दिला. तिनं उडी मारली आणि खाली आली. दोन्ही पाय बरोबर टेकले. एकच धप.