चौदानंतर सोळा

सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गल्लीत ताटाएवढ्या टिकल्या उमटलेल्या होत्या आणि माझं घर दोन विती अरुंद झालं होतं.

टिकल्या रस्त्यावर, गटाराच्या कडेला, शेजारच्या पाथऱ्यांच्या ओट्यापाशी, शाळेच्या भिंतीवर अशा जागोजागी होत्या. लाल, हिरव्या, काळ्या. कडेचा सोनेरी काठसुद्धा जसाच्या तसा. मी झाडू घेऊन बाहेर आले होते, तर दाराची चौकट खांद्याला घासली. अकरा फुटांचं घर. त्यातल्या एका इंचाचीही मला ओळख आहे, कारण पुढच्या खोलीत पिठाची गिरणी आणि तिच्या बाजूने पोतं सरकेल एवढीच वाट. त्या सकाळी पोतं सरकलं नाही.

सभा शाळेच्या हॉलमध्ये झाली होती. तेलघाण्याच्या गल्लीचा विकास करायचा, पण तो लोकांना विचारून करायचा, असं वरून आलं होतं. नेरकर साहेब म्हणून अभियंता होते. त्यांनी सतरंजीवर गल्लीचा भला मोठा नकाशा अंथरला आणि म्हणाले, जिथे जे हवं तिथे ते टोचा. मग लक्षात आलं की टाचण्या ऑफिसातच राहिल्या. साहेब शिपायावर चिडले, शिपाई कपाटावर चिडला. तेव्हा चौदा नंबरच्या, पाथऱ्यांच्या कुमुद वहिनींनी पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं. साहेब खूश झाले. लाल म्हणजे गटार झाकणं, हिरवी म्हणजे दिव्याचा खांब, काळी म्हणजे नळ, असं तिथल्या तिथे ठरलं. पुरुष म्हणाले, हे बायकांचं काम, लावू द्या त्यांनाच.

आम्ही नकाशाभोवती गोल बसलो होतो. पाकीट उजवीकडे फिरू लागलं, हळदीकुंकवाची कोयरी फिरते तसं. प्रत्येकीने आपल्या दारासमोर हवं ते लावलं आणि पाकीट पुढे दिलं. माझ्या डावीकडे कुमुद वहिनी, उजवीकडे सोळा नंबरच्या पुष्पा काकू खैरनार. मी काय मागायचं ते दोन दिवस घोकून आले होते. माझ्या दारासमोरचं गटार उघडं आहे, धान्याची हातगाडी त्यात अडकते, तेवढं झाकून द्या. वहिनींनी पाकीट घेतलं, आपली टिकली लावली, आणि माझ्या मांडीवरून हात लांब करून ते पुष्पा काकूंना दिलं.

यात वाईट हेतू नव्हता. माझा नवरा मनोहर जाऊन अकरा वर्षं झाली. अकरा वर्षं टिकल्या, कुंकू, गजरे माझ्या मांडीवरून असेच पलीकडे जातात आणि मलाही त्याची सवय झाली आहे. वहिनींचा हात जायला अडचण नको म्हणून मी गुडघा बाजूला घेतला. मी स्वतः घेतला. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे सगळे हेच म्हणाले आणि ते खोटं नव्हतं.

मग चहा झाला, बिस्किटं झाली. हजेरीच्या कागदावर मीही सही केली. त्या सहीच्या वर नंतर कुणीतरी 'एकमताने मंजूर' असं लिहिलं.

कामं आपोआप सुरू झाली. हिरव्या टिकलीतून खांब उगवला, बुधवारी गुडघ्याएवढा होता, शनिवारी त्याला दिवा लागला. काळ्या टिकलीतून नळ वर आला आणि दुसऱ्या दिवशी त्याला तोटी फुटली. गटारावर फरश्या धरल्या, दुधावर साय धरते तशा. ना ठेकेदार, ना खडीचा ढीग, ना धूळ. आमच्या गावात असं काम कुणी पाहिलं नव्हतं. गल्ली छान दिसू लागली, खोटं कशाला बोलू.

पण जागा कुठून तरी यायला हवी. खांबाला पाया लागतो, नळाला चौथरा लागतो. ती सगळी जागा माझ्या घरातून जात होती. दिवा लागला त्या दिवशी माझं फडताळ भिंतीत गेलं. खैरनार मास्तरांनी म्हाताऱ्यांसाठी बाकडं मागितलं होतं, ते उगवलं तेव्हा माझी खाट निम्मी झाली. चीजवस्तू तक्रार न करता बारीक होत गेल्या. पातेली लांबट झाली, देवाची तसबीर पट्टीएवढी झाली, गिरणीचे दोन्ही दगड भाकरीसारखे पातळ झाले. मीही झाले. आरशात बघायची सोय नव्हती, आरसा आता मला कडेनेच दिसत होता.

गिरणी मात्र चालत होती. लोक डबे घेऊन येत होते. गहू, बाजरी, ज्वारी. वहिनी एकदा दारात उभ्या राहून म्हणाल्या, ताई, तुमची तब्येत उतरली का हो. मी म्हटलं, घर उतरलंय. त्या म्हणाल्या, कामाचा ताण असेल. आणि दळण संध्याकाळपर्यंत मिळेल ना, ते विचारून गेल्या.

भावाने निरोप पाठवला की नाशिकला निघून ये. मी गेले नाही. सासऱ्यांनी बांधलेलं घर, मनोहरने बसवलेली गिरणी. तो गेल्यावर पट्टा चढवायला मी स्वतः शिकले, बोट चेचून घेतलं, कुणापुढे हात पसरला नाही. आता सोडून गेले असते तर इथे घर नव्हतंच असं मीच कबूल केल्यासारखं झालं असतं. मला ते घर हवं होतं. दुसरं काही नको होतं.

पंधरवड्याने हरकतींची सभा लागली. मी अंग तिरकं करून दारातून निघाले, पदर आत अडकला तो फाडून घेतला. हॉलमध्ये तोच नकाशा होता, तीच सतरंजी. साहेब विचारत होते, कुणाची हरकत? कुणाचीच नव्हती. लोक समाधानाने पान खात होते. न बोलणाऱ्याचे गहूसुद्धा विकले जात नाहीत म्हणतात. मी उठले आणि म्हटलं, माझं घर चाललंय.

साहेबांनी चष्मा चढवून नकाशावर बोट फिरवलं. "कितवं घर?"

"पंधरा."

"चौदानंतर सोळा आहे."

"पंधरा मधे आहे. नीट बघा, रेघ आहे."

त्यांनी नीट बघितलं. रेघ होती. "ही घडीची रेघ आहे, बाई," ते म्हणाले. "आम्ही मनाने काही करत नाही. लोकांनी सांगितलं तेच केलं. पंधराची सूचना कुणाची आहे?"

कुणाचीच नव्हती. मी सांगितलं, माझ्याकडे पाकीट आलंच नाही. हॉलमध्ये बायका एकमेकींकडे बघू लागल्या. सगळ्या माझ्याकडच्या पिठाच्या पोळ्या खाऊन आलेल्या.

"असं कसं म्हणता, रोहिणीताई?" कुमुद वहिनींना खरंच लागलं होतं, डोळ्यांत पाणी होतं. "आम्ही कुणी तुम्हाला नको म्हटलं का? तुम्हीच गुडघा बाजूला घेतलात."

आपलेच दात, आपलेच ओठ.

साहेब वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, अजूनही दुरुस्ती होऊ शकते, मात्र नकाशावर ज्यांचं घर आहे अशा रहिवाशाने टिकली लावायला हवी. पाकीट पुन्हा निघालं. पुष्पा काकू लगेच पुढे झाल्या. त्यांनी बोटाच्या टोकावर एक लाल टिकली घेतली, नकाशावर ओणवल्या, आणि तशाच थांबल्या. रेघेवर टिकली मावत नव्हती. अर्धी चौदावर जात होती, अर्धी सोळावर.

"आमच्या ओट्यावर येतेय हो ती," वहिनी हळूच म्हणाल्या.

"आमच्या जिन्यावर येतेय," मास्तर मागून म्हणाले.

पुष्पा काकू माझ्याकडे बघेनात. त्यांच्या बाळंतपणात मी त्यांच्याकडे सव्वा महिना डबा पोचवला होता. ते त्यांना आठवत असणार, कारण कान लाल झाले होते. त्यांनी टिकली परत पाकिटाला चिकटवली.

मग मी हात पुढे केला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. "द्या इकडे. मी लावते."

साहेबांनी पाकीट उचलून खिशात ठेवलं.

"बाई, तुम्ही राहता कुठे ते आधी ठरू द्या."

"असू द्या, साहेब," कुमुद वहिनी म्हणाल्या. "ताईंना सवय नाही."

मला राग आला. त्या रागाचं मी काय केलं ते विचारू नका. चहा आला, तो मी घेतला. कपबशी विसळून ठेवली.

परत आले तेव्हा दार चार बोटं उरलं होतं. चौदाचा ओटा आणि सोळाचा जिना यांच्या मधे उभी फट, आत माझी गिरणी. वहिनी बरोबर आल्या होत्या. त्यांनी माझी पिशवी धरली आणि म्हणाल्या, जपून. मी आधी एक हात घातला, मग डोकं, मग श्वास सोडून बाकीची गेले. पिशवी बाहेरच राहिली.

आत सगळं जिथल्या तिथे आहे. मी भिंतीला पाठ लावून उभी असते, समोरची भिंत नाकाला लागते. इथून पट्टा हाताशी येतो आणि बटण अंगठ्याखाली. बाहेर लोक समजूतदार आहेत. पहिले काही दिवस ते मापट्याने धान्य आत ओतत. मग मुठीने, मग तळहाताची पन्हळ करून धारेने. पिठाला जागा लागत नाही, ते फटीतून बारीक झिरपत जातं आणि खाली डबा लावलेला असतो. उलट सोय झाली, असं मास्तर कुणाला तरी सांगत होते. पूर्वी आत शिरलं की अंगावर पीठ उडायचं.

आता दाणा दाणा आत येतो. रांग शाळेपर्यंत जाते, पण ओरड नाही. नव्या बाकड्यावर बसून लोक गप्पा मारतात, नंबर आला की उठून फटीशी येतात, एक दाणा सरकवतात आणि परत रांगेत लागतात. बाजरी सहज येते. ज्वारी जरा घासून येते. मी आतून दोन बोटांनी धरते आणि जात्यात टाकते. नाव विचारायची गरज पडत नाही. कुणाचं धान्य ते हाताला कळतं.

आज सकाळी पुष्पा काकू होत्या. आवाजावरून ओळखलं.

"ताई, ऐकताय ना? हरभरे आहेत. दळायचे नाहीत, नुसते भरडून द्या. दिवाळीची डाळ करायचीय."

"काकू, हरभरा नाही यायचा," मी म्हटलं.

"का हो? एकेक देते ना."

त्यांनी पहिला हरभरा फटीला लावला. तो अर्धा आत आला आणि अडकला. आतला उजेड गेला. मी बोट लावून पाहिलं, टणक होता, नवा माल होता. बाहेरून पुष्पा काकू त्यावर अंगठा ठेवून दाबतायत.