धोंड्याचं जेवण आणि सव्वीस मैल

उत्तमरावांचा साडू अकोल्याहून अमरावतीला आला तो सासऱ्यांच्या दारातच वाकून त्यांच्या पाया पडला, आणि तिथूनच उत्तमरावांचं डोकं सणकलं. पाया पडणाऱ्याचा राग येतो का कोणाला? उत्तमरावांना येत होता. पोरगं उंचंपुरं, हसरं, त्यात नम्र! माणसानं द्वेष करायचा तरी कुठून सुरुवात करून?

अमरावतीच्या व्यायामशाळेची सव्वीस मैलांची शर्यत उत्तमरावांनी लागोपाठ तीन वर्षं जिंकली होती. अंजनगावचा हा माळी धावायला लागला की मळ्यातल्या मोटा थांबायच्या, असं त्यांचे सासरे शेषराव चारचौघांत सांगायचे. सासऱ्याच्या ओसरीवर मोठ्या जावयाचा पाट ठरलेला, पानाचा पहिला विडा ठरलेला. यंदा धाकट्या शालूचं लग्न झालं आणि तिचा नवरा सूर्यभान, तोही धावणाराच निघाला. अकोल्याची शर्यत मारून आला होता. आता शेषराव चारचौघांत त्याचंच नाव घेत होते. उद्याची शर्यत हातची गेली तर तो पाटही गेला, हे उत्तमरावांना कोणी सांगायची गरज नव्हती.

त्यात अधिक वैशाख. म्हणजे धोंड्याचा महिना. जावयांना पुरण खाऊ घालायचं, अनारशांचं वाण द्यायचं. व्यायामशाळेच्या बापूसाहेब वकिलांनी शर्यत नेमकी याच महिन्यात, असल्या उन्हात ठेवलेली. कोर्टाला सुटी होती ना! पळणाऱ्यांच्या टाळूचं काय व्हायचं ते होवो.

सासूबाईंनी, माणिकबाईंनी, शर्यतीच्या आदल्या संध्याकाळीच धोंड्याचा घाट घातला. उत्तमरावांच्या मनात एकदम लख्ख उजेड पडला. पोटात पुरण घेऊन कोण धावतं?

"मामी, नवा जवाई हाय," ते म्हणाले. "त्याले हात आखडून वाढू नका. पहिलाच धोंडा हाय त्याचा."

"हे घ्या! मी काहून आखडू?" माणिकबाई म्हणाल्या, आणि तुपाची वाटी पोळीवर उपडी केली.

सूर्यभान नाही म्हणेल, अर्धं टाकेल, निदान तोंड वाकडं करेल, असं वाटलं होतं. कसलं काय! पठ्ठ्यानं पोळ्यांमागून पोळ्या हाणल्या. वर धोंडे. वर कटाची आमटी भुरकली. माणिकबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "असं खानारं मानूस पाहिलं का जीव निवते जी," त्या शेषरावांना म्हणाल्या. "शालीनं नशीब काढलं."

आणि मोठ्या मुलीनं, पार्वतानं काय काढलं? उत्तमरावांनी ताट पुढे सरकवलं.

"मलेही वाढा."

"तुमी तर शर्यतीच्या आधी भाकर-दूधच खाता न?" पार्वता दारातून म्हणाली.

"वाढ म्हनलं न!"

मग काय विचारता! गेले करायला एक आणि झालं भलतंच. सूर्यभाननं एक घेतली की हे दोन घेणार. तो भुकेनं खात होता, हे रागानं खात होते. रात्रभर उत्तमराव तांब्यावर तांबे पाणी पीत बसले. साडू मात्र ओसरीवर घोरत होता. सकाळी त्यानं शिळी पोळी दुधात कुस्करली, तर यांनीही कुस्करली. हट्ट म्हणजे हट्ट!

शर्यत उजाडताच सुटायची, पण निशाण दाखवणारे पाहुणे उशिरा उठले. सुटेपर्यंत ऊन डोक्याशी आलं होतं. उत्तमरावांनी ओला दुपट्टा डोक्याला गुंडाळला आणि पहिल्या पावलापासून पुढे काढलं. बडनेरा मागे पडलं. अकोल्याच्या रस्त्यावर मुरूम तव्यासारखा तापला होता, तापल्या वाऱ्याची लू तोंडावर येत होती. लोणीच्या अलीकडून वळसा घालून परत फिरताना सूर्यभान समोरून आला. आणि हसला!

"भाऊ, मस्त चालून राहिले तुमी!"

मेल्या, शिवी तरी दे, उत्तमराव मनात म्हणाले. त्या एका हसण्यावर ते परत बडनेऱ्यापर्यंत जळत धावले. पण पुढे पुरणानं आपला हिशेब मागितला. पोटात पीळ पडला, तोंडाला आंबट पाणी सुटलं, पाय जड झाले. अमरावतीत शिरताना, राजापेठेच्या अलीकडे एका बाभळीपाशी ते आडवे झाले. रस्त्याकडेला ओकले आणि जरा बरं वाटलं. उठता आलं असतं. उठून चालत गेले असते तरी दुसरा नंबर कुठे जात नव्हता.

पण मागून पावलं वाजली. ती कोणाची हे त्यांना बरोबर कळलं. हा आता पुढे जाणार. ओसरीवर माझ्या पाटावर बसणार. उत्तमरावांनी मान टाकली आणि डोळे मिटून घेतले.

"भाऊ! ओ भाऊ!" सूर्यभान धावत आला. गालावर थापट्या मारल्या, डोक्यावरचा दुपट्टा सोडून वारा घातला. उत्तमराव मढ्यासारखे पडून राहिले. तेवढ्यात आणखी पावलं आली आणि धापा टाकत पुढे निघून गेली. बापूसाहेब वकिलांचा पोरगा, गोपाळकृष्ण! गेला. पहिला नंबर गेला. उत्तमरावांना त्या उन्हात गारेगार वाटलं. मला नाही, तर तुलाही नाही.

तेवढ्यात सूर्यभाननं त्यांना पाठीवर घेतलं.

हे काही त्यांच्या गणितात नव्हतं. सूर्यभान लटपटत चालत होता, त्याचा श्वास फाटत होता, पण थांबत नव्हता. व्यायामशाळेचं पटांगण आलं तसा आधी एक ओरडला, मग सगळे. गोपाळकृष्णाच्या गळ्यात हार घालायचा विसरून लोक इकडे धावले. "सूर्यभानकी जय!" तीन वर्षं जिंकून उत्तमरावांनी असला जयजयकार ऐकला नव्हता. आणि आता ऐकला तो साडूच्या पाठीवर, डोळे मिटून.

सूर्यभाननं त्यांना लिंबाखाली हलकेच टेकवलं. घामेजलं तोंड अगदी कानाशी आणलं.

"बाभळीखालीच समजलं होतं मले, भाऊ. पापन्या हालून राहिल्या होत्या तुमच्या. पन आता डोये उघडू नका. लोक पाहून राहिले."

तोंडावर पाण्याचे हबके बसले. माणिकबाई रडत देवाचं नाव घेत होत्या. मग बांगड्या वाजल्या, आणि उत्तमरावांना कळलं की पार्वता, त्यांची स्वतःची बायको, धाकट्या बहिणीच्या नवऱ्याच्या पाया पडते आहे.

"माह्यं कुंकू राखलं तुमी," ती म्हणत होती. उत्तमराव डोळे मिटून पडून राहिले.