आईची पुसलेली बोटे

मित्रांनो, मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे. माझ्या पोटात अडीचशे मीटर तपकिरी फीत गुंडाळलेली आहे. बावीस वर्षे ती सांभाळूनही तिच्यावर काय आहे हे मला कळले नव्हते. गेल्या मंगळवारी कळले. तो धक्का अजून ओसरलेला नाही.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी कोरी होते. एका घरातल्या बाबांनी मला विकत आणले आणि मित्राकडून मागून आणलेल्या कॅमेऱ्यात बसवले. समोर स्वयंपाकघर होते. भांडी घासून आई ओट्याला टेकून उभी होती आणि चार वर्षांची मुलगी तिच्या ओढणीला लोंबकळत होती. आईला जन्मापासून ऐकू येत नव्हते. ती हातवारे करायची. माझ्यावर आवाज उमटला तो फक्त नळाचा आणि बाबांच्या हसण्याचा. आईची बोटे इतकी भराभर हलत होती, की ती माश्या हाकलते आहे असे मला वाटले. किती अडाणी होते मी.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. पाहुणे आले की मला लावत. पुढच्याच वर्षी आई आजारी पडून गेली. त्यानंतर बाबांनी मला एकदाही लावले नाही. मी कपाटात स्वेटरांच्या मागे पडून राहिले. मुलगी ऐकणाऱ्या माणसांत वाढली आणि आईच्या खुणा विसरून गेली. बाबाही गेले, तेव्हा कपाट आवरताना तिला मी सापडले.

आई त्या दिवशी काय म्हणाली, एवढेच तिला हवे होते. त्या खुणा वाचू शकणारे एकच माणूस उरले होते, ते म्हणजे आईची धाकटी बहीण. मुलीने मला एका व्हिडिओवाल्याकडे दिले. "काका, जमेल तेवढं स्वच्छ करून द्या," ती म्हणाली. "कॅसेट परत नको, घरात तिला लावायला यंत्रच नाही."

व्हिडिओवाल्याने मला यंत्रात घातले, माझ्यावरचे सारे संगणकात उतरवले आणि तीन दिवस त्याची साफसफाई केली. मला दाराजवळच्या भंगाराच्या गोणीत टाकले. मंगळवारी मुलगी मावशीला घेऊन आली. गोणीच्या फटीतून मला मोठा पडदा दिसत होता.

चित्र सुरू झाले आणि मी थक्क झाले. एक ठिपका नाही, एक रेघ नाही. आईचा चेहरा नुकत्याच धुतलेल्या काचेसारखा.

"आरशासारखं केलंय की नाही?" व्हिडिओवाला म्हणाला.

मुलगी रडतच हसली. "मावशी, काय म्हणतेय गं ती?"

मावशी पडद्याच्या अगदी जवळ गेली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"काहीच म्हणत नाहीये," ती म्हणाली. "हिला बोटंच नाहीत."

मी पाहिले. खरेच, आईच्या मनगटापुढे नुसता गुळगुळीत, मेणासारखा गोळा हलत होता.

"ते होय," व्हिडिओवाला म्हणाला. "हात फारच हलत होते. बोटांच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा येत होत्या, त्या काढून टाकल्या."

"अहो, त्या रेघांत माझी बहीण बोलत होती," मावशी म्हणाली. "मेणाची बाहुली करून ठेवलीत तिची. मूळ कॅसेट कुठाय?"

व्हिडिओवाल्याने दाराकडे पाहिले. त्याच क्षणी भंगारवाला माझी गोणी खांद्यावर टाकून पायरी उतरत होता.

मावशीचे गुडघे दुखतात म्हणे. त्या दिवशी दुखले नाहीत. तिने गोणीचे टोक पकडले ते सोडलेच नाही. "बाबा रे, हिच्यात माणूस आहे," ती म्हणाली. भंगारवाला इतका घाबरला, की गोणी तिथेच ठेवून चार पावले मागे सरला.

व्हिडिओवाला मान खाली घालून कामाला लागला. आता त्याने आधी यंत्र उघडले. आत साचलेली काळी धूळ स्पिरिटने पुसली. फीत सैल राहू नये म्हणून मला एकदा शेवटपर्यंत पळवून पुन्हा मागे गुंडाळले. मित्रांनो, माझ्यावर एका सेकंदात पन्नास अर्धी चित्रे असतात आणि प्रत्येक अर्धे चित्र वेगळ्या क्षणाचे असते. रेघा घालवायला त्याने निम्मी फेकून दिली होती आणि उरलेली एकमेकांत मिसळून गुळगुळीत केली होती. यंत्राच्या धुळीने आलेले ठिपके धूळ पुसल्यावर आपोआप गेले. आता त्याने पन्नासच्या पन्नास ठेवली.

चित्र थोडे खरखरीत आले, पण आईला दहा बोटे होती.

मावशी वाचू लागली. "'कॅमेरा सरळ धरा, माझं डोकं कापताय.' हे तुझ्या बाबांना. 'ही परत पेन्सिल चावतेय. सांगून सांगून हात दुखले माझे.'"

मुलगी पडद्याकडे बोट दाखवत म्हणाली, "आणि हे गळ्याशी काय करतेय? सारखं सारखं?"

आई दोन बोटे गळ्याला लावून चटकन वर उडवत होती, डोळा लवावा इतक्या वेळात. ती खूणही साफसफाईत पार नाहीशी झाली होती.

"ते तुझं नाव," मावशी म्हणाली. "तान्ही असताना तुला सारख्या उचक्या लागायच्या. तिला त्या ऐकू यायच्या नाहीत, गळ्यावर बोटं ठेवून कळायच्या. ती तुला हाक मारतेय."

बावीस वर्षे माझ्या पोटात एक हाक होती आणि मी तिला माश्या हाकलणे समजत होते.

म्हणून विनवते, मित्रांनो. जुन्या चित्रावरची धूळ जरूर पुसा. पण जे तुम्हाला कळत नाही, ते खराब आहे असे समजून पुसू नका. आणि नवे कितीही छान दिसले, तरी त्यातले ओळखणाऱ्या माणसाने पाहिल्याशिवाय जुने टाकू नका.

मी आता मुलीच्या टेबलावर असते. यंत्र तिच्याकडे अजूनही नाही. पण कामावर निघताना ती माझ्यासमोर क्षणभर थांबते, दोन बोटे गळ्याला लावते आणि वर उडवते.