साळूबाईची दाढ

“काढूनच टाका, म्हंजे कटकट मिटंल,” कारभारी म्हणाले.

खुर्चीत आ वासून पडलेल्या त्यांच्या बायकोने, साळूबाईने, आधी तोंड मिटलं. “दाढ माझी हाय. काढायची न्हाई.”

वडीगोद्रीच्या याच दवाखान्यात महिन्यापूर्वी तिच्या खालच्या दाढेचं रूट कॅनाल झालं होतं. तरी दाढ ठणकायचीच. घरी सांगावं तर सून म्हणायची, मिश्री सोडा. आणि कारभाऱ्यांचं ठरलेलं, “तुझं रोजचंच हाय.” कंबरेतून कळ निघायची तेव्हाही हेच. बाईचं दुखणं म्हणजे जणू तिची खोडच! एरवी साळूबाई गप्प बसायची. या वेळी मात्र हातातली कापूसवेचणी टाकून ती सरळ जीपमध्ये जाऊन बसली. कारभारी मागून आले.

डॉक्टर ज्योत्स्नाने दाढेवर हलकेच ठोकलं. साळूबाईने कळवळून तिचं मनगट धरलं.

ज्योत्स्ना विचारात पडली. मग तिने एक्स-रेचं मशीन तिरकं धरून नवा फोटो काढला आणि पडदा दोघांकडे वळवला. “मावशी, खालच्या दाढेला बहुतेकांची दोन मुळं असतात. तुमच्या दाढेला तिसरं आहे, जिभेच्या बाजूला, दुसऱ्याच्या मागं लपलेलं. सरळ फोटोत दिसलं नाही, आणि मीही शोधलं नाही. चूक माझी. ते साफ करायचं राहिलंय, म्हणून दुखतंय.”

“म्हंजे खरंच दुखत व्हतं?” कारभाऱ्यांनी विचारलं.

“मंग काय, सोंग करून राह्यले व्हते मी?”

“पण मूळ बारीक आहे, वाकडंही,” ज्योत्स्ना म्हणाली. “साफ करायची सुई आत तुटू शकते. दाढ वाचेलच असं नाही.”

कारभारी काही बोलणार, तोच साळूबाईने मागे टेकून तोंड उघडलं आणि दाढेवर बोट ठेवलं.

ती उठली तेव्हा ऊन उतरलं होतं. सुई तुटली नव्हती. बाहेर जीप भरत आली होती. कारभाऱ्यांनी पुढे होऊन खिडकीजवळची जागा धरली. “चल जल्दी.”

साळूबाई दारातच उभी राहिली. ओठ बधिर, शब्द धड फुटेनात, तरी तिने एकेक शब्द नीट उच्चारला. “उद्या जालन्याला जायाचं. कंबरेचा फोटो काढाया.”

कारभाऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग आत सरकून तिला पाठ टेकायला जागा करून दिली.