सुधारित उत्तर

पुस्तकातल्या जुन्या परिच्छेदावर तिनं छापील पट्टी चिकटवली आणि कडा नखानं दाबून बसवल्या. शाळेनं पट्ट्या घरीच पाठवल्या होत्या. नवी पुस्तकं पुढच्या वर्षी. खळ ओली होती तोवर खालची अक्षरं दिसत राहिली.

समोर लेक पाय हलवत बसली होती. आज तिची नागरिकशास्त्राची तोंडी परीक्षा होती आणि साहेब बाहेरून येणार होते. वर्गातल्या एका मुलीनं मागे सवयीनं जुनंच उत्तर दिलं, तर तिच्या वडिलांना चौकीवर बोलावणं आलं.

"अटक करताना कारण सांगावं लागतं का?"

"हो. आणि चोवीस तासांत न्यायाधीशां..."

"नाही. पट्टीवरचं वाच."

पलीकडे सासरे दाढी करत होते. वकिली सोडून वर्षं झाली तरी शर्ट रोज इस्त्रीचाच लागायचा. नातीकडून जुनं कलम त्यांनीच पाढ्यांसारखं घोटून घेतलं होतं.

"माझ्या हयातीतली ही तिसरी राज्यघटना," ते आरशातूनच म्हणाले. "पहिलीत राजाची मेहरबानी होती. दुसरीत हक्क आले. आता परत मेहरबानी, फक्त राजाचा पत्ता नाही."

बाबा, हळू बोला, म्हणत तिनं खिडकी लावून घेतली. पुन्हा विचारलं, पुन्हा चुकलं. शेवटी तिनं लेकीचा दंड धरला, जरा जोरातच. लेक रडली नाही. त्यानंतर मात्र उत्तर धडाधड यायला लागलं.

दारावर थाप पडली तेव्हा ती लेकीची वेणी घालत होती. साध्या कपड्यांतले दोघं जण, बोलायला अगदी मऊ. आजोबांना जरा बरोबर यावं लागेल, म्हणाले.

"कारण?" सासऱ्यांचा आवाज कोर्टातला झाला. "कारण कळल्याशिवाय मी उंबरा ओलांडणार नाही."

कुणी काही बोलायच्या आत लेक अर्धी वेणी सोडवून घेऊन सरळ उभी राहिली.

"आबा, कारण सांगावं लागत नाही. देशाच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक असेल तर कुणालाही, कितीही दिवस ताब्यात ठेवता येतं."

दोघांतल्या वयस्कर माणसानं वाकून तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"हुशार आहे. कुणी शिकवलं?"

"आईनं."

सासरे खुंटीवरचा कोट चढवत होते. एक बाही सापडत नव्हती. तो माणूस आता आईकडे बघून कौतुकानं मान डोलवत होता. आणि ती, पालकसभेत बाईंनी लेकीचं नाव घेतल्यावर हसायची तशी, हसली.